जेवलेली वाकळ

आमची वाकळ चोरणाऱ्याला मी माझ्या हातानं भाकरी वाढली होती. चोरीचा राग एक वेळ गिळता येईल, पण त्या भाकरीचा राग अजून घशाशी येतो. गरमागरम, पापुद्रा सुटलेली भाकरी, आणि वर मीच "पावणं, आणखी एक घ्या की" म्हणून आग्रह केलेला. मुडदा बशिवला त्याचा, नको नको म्हणत तीही खाल्ली त्यानं.

वाकळ म्हणजे तुमची गोधडी. पुण्याकडे गोधडी म्हणतात, आमच्या कोल्हापूरच्या कसबा बावड्यात वाकळ. जुन्या साड्या, लुगडी, धोतरं स्वच्छ धुऊन एकावर एक अंथरायची आणि हातानं धावदोरा घालत कडेकडेनं मध्यापर्यंत यायचं. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, या कामातल्या वाघीण. डोळ्यांना आता कमी दिसतं, पण बोटांना सगळं दिसतं. शेजारच्या भाभींच्या घरात आजेसासऱ्यांपासून शिलाईचं दुकान, त्यामुळे कापडाच्या पट्ट्या आणि रंगांची जुळवाजुळव त्यांच्याकडे. गल्लीतल्या आणखी काही जणी दुपारची भांडी आवरली की सुई घेऊन आमच्या सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत, येऊन बसायच्या. मी फोटो काढायचे, विक्रीच्या साइटवर टाकायचे आणि पार्सलं बांधायचे. दुकान असं कुठं नव्हतंच, होतं ते सगळं माझ्या मोबाइलमध्ये.

आमच्यात एक रीत आहे. वाकळेचा शेवटचा टाका पडला की आत्याबाई तिला जेवू घालतात. कोपऱ्यात गुळाचा खडा ठेवायचा, हात जोडायचे, आणि मग तो खडा फोडून जिनं जिनं टाका घातला तिनं तिनं तोंडात टाकायचा. देवाला निवद दाखवतो तसंच. देव काय ताटातलं उचलून खातोय होय? खातो आपणच, पण म्हणताना देव जेवला म्हणतो. तशी वाकळ जेवली. उपाशी वाकळ पांघरली तर माणसाला झोप लागत नाही, असं आत्याबाईंच्या आईचं म्हणणं होतं, आणि त्यांच्या आईचं म्हणणं आमच्या घरात कोण मोडणार?

म्हणून साइटवर मी पहिल्या दिवसापासून लिहिलं होतं, 'आमची प्रत्येक वाकळ जेवलेली असते.' लोकांना ते भारी आवडायचं. कुठनं कुठनं बायका लिहायच्या की, आज आईची आठवण आली.

तर तो पावणा. पन्हाळ्याला फिरायला आलोय म्हणाला. हॉटेलं आहेत, खोल्याखोल्यांत घालायला खूप वाकळा लागतील म्हणाला. तोंडात सारखं 'ताई, ताई'. आत्याबाईंच्या पाया पडला. शिवतानाचे त्यांचे हात मोबाइलवर टिपले, वाकळांचे फोटो काढले, दोरा कुठला, कापड किती थरांचं, सगळं विचारून घेतलं. आम्हीही येड्यासारखं सांगितलं. दुपार झाली तसं जेवल्याशिवाय कसं सोडायचं? जेवला, हात धुतला, सावकाश कळवतो म्हणाला आणि गेला. भाभींनी तेव्हाच म्हटलं होतं, "वैनी, ह्यो मानूस वाकळंकडं कमी अन् मोबाइलकडं जास्त बघतोय." मी म्हटलं, आजकाल सगळेच बघतात.

मग एक दिवस एका बाईंची तक्रार आली. मॅडम, पहिल्याच धुण्यात रंग गेला, आणि हे टाके तर छापलेले आहेत. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. टाके कसे छापतील? शिवाय त्या गावाला मी कधी पार्सलच धाडलं नव्हतं. तरी शोधलं. आणि सापडलं की! आमच्याच दुकानाचं नाव, फक्त शेवटी एक काना वाढवलेला. आमचेच फोटो. मजकूर अक्षर न् अक्षर माझा. मी घाईत 'शिवलेली'च्या जागी 'शिलवेली' टाइप केलं होतं, तर त्याच्याकडेही 'शिलवेली'. ल्येकानं चूकसुद्धा चोरली होती. खाली हिंदीत तेच घातलेलं, यंत्रानं केलेलं भाषांतर, 'यह रजाई खाना खा चुकी है.' आणि सगळ्यांच्या वर, मोठ्ठा करून, त्या पावण्यानं टिपलेला आत्याबाईंच्या हातांचा फोटो. अंगठ्यावरच्या विळीच्या व्रणासकट.

त्याच्याकडनं एक मागवली. ओळखीच्या एका वकीलबाईंना आधी विचारलं होतं, त्या म्हणाल्या, पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, पुरावा राहतो. म्हणून भाभींनी मोबाइल धरला आणि मी फाडलं. आत प्लास्टिकसारखं चकाकणारं कापड, मध्ये कसला तरी फुसका कापूस, आणि वर खरोखरच छापलेले टाके. कडेला तेवढी मशीनची शिवण. आत्याबाईंनी ती मांडीवर घेतली आणि सवयीप्रमाणे टाक्यावरनं नख फिरवलं. नखाला दोरा लागेना. पुन्हा फिरवलं. मग पार्सलातल्या पुठ्ठ्यावर छापलेला तो फोटो त्यांनी डोळ्यांजवळ धरला.

"ह्ये माझं हात हाईत व्हय गं?"

"व्हय, आत्याबाई."

"मी शिवलिया म्हणून इकतोय?"

त्यांनी ती वाकळ मांडीवरनं ढकलली, उठल्या आणि मोरीत जाऊन हात धुऊन आल्या. विटाळ झाल्यासारखे खसाखसा धुतले. त्या क्षणी मी ठरवलं, ह्याला सोडायचा नाही. पैसे बुडाले असते तर रडले असते आणि गप बसले असते. पण माझ्या सासूच्या हातांना कुणी खोटं पाडायचं नाही.

साइटवाल्यांकडे तक्रार केली. तुमची तक्रार मिळाली, असं उत्तर आलं. पुन्हा केली, पुन्हा तेच उत्तर. माणूस होता की यंत्र, देव जाणे. मग म्हणाले, नाव तुमचं असल्याचं प्रमाणपत्र दाखवा. वकीलबाईंनी नावाच्या नोंदणीचा अर्ज भरला, पण म्हणाल्या, वेळ लागतो. मी फोटोंवर आडवं आमचं नाव घातलं, तर त्यानं नाव पुसून तेच फोटो लावले. आणि इकडं त्याच्या मालाची बोंब माझ्या दारात! नाव सारखंच दिसतंय म्हटल्यावर लोक माझ्याच पानावर येऊन शिव्या घालायचे. गिऱ्हाइकं देतात त्या चांदण्या घसरत चालल्या. एक दिवस साइटनं मलाच कळवलं, तुमच्या मालाबद्दल तक्रारी वाढल्या आहेत, अशाच येत राहिल्या तर तुमचं दुकान बंद करावं लागेल.

बघा की! दुकान बंद पडलं तर सोप्यातली ती बैठकच मोडणार होती. गल्लीतल्या त्या बायकांना घरातनं कुणी 'कुठं चाललीस' विचारलं तर 'कामाला' म्हणता यायचं, ते जाणार होतं. आणि आत्याबाई? त्या बसल्या बसल्या म्हाताऱ्या झाल्या असत्या. सुई हातात होती म्हणून तोवर झाल्या नव्हत्या.

पावण्यानं जाताना नंबर दिला होता, त्यावर मी सरळ फोन लावला. ओळख सांगितली. म्हटलं, आमच्या घरी जेवून गेलाय तुम्ही, जरा तरी लाज?

तो हसला. "ताई, गोधडी काय तुमच्या बापजाद्यांची आहे का? मार्केट आहे हे. आणि जास्त बोललात तर नकली माल विकता म्हणून मीच तुमच्यावर तक्रार टाकीन."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आमचे मालक म्हणाले, "सोड की. लोकांची तोंडं काय धरायचीत?" म्हटलं, तोंड न्हाई, नरडं धरणार हाय. ते गप चहाला गेले. असा माझा आवाज लागला की ते वाद घालत नाहीत, शहाणे आहेत.

पण नरडं धरायचं कसं? तो बसलेला कुठल्या कुठं, मी इथं. मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. मी भाव बदलला की तोही बदलायचा. मी एक शब्द घातला की त्याच्याकडे तो शब्द यायचा. माझ्या पानाकडे नजर लावूनच बसला होता. भाभी म्हणाल्या, "वाचून टाकतोय का आंधळ्यावानी उचलतोय, बघू या की." आणि आम्ही मजकुराच्या तळाशी एक ओळ घातली, 'ही वाकळ गाढवांनी वापरू नये.'

दुसऱ्या दिवशी त्याच्या पानावर, 'ही वाकळ गाढवांनी वापरू नये.'

आईशप्पथ, आम्ही इतक्या हसलो की भाभींना ठसका लागला. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, ह्याला तीही उसनी आणायची होती. आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. शेवटचा टाका घातलेली वाकळ त्यांच्या पुढ्यात होती. त्यांनी कोपऱ्यात गुळाचा खडा ठेवला, हात जोडले, खडा फोडून आम्हाला एकेक तुकडा दिला आणि आपला चघळता चघळता म्हणाल्या, "गुळानं मरतंय त्येला इख कशाला?"

ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण त्या दिवशी ती ऐकली आणि तोंडातला गूळ तसाच राहिला. मी भाभींकडे बघितलं, भाभींनी माझ्याकडे.

गुळाच्या गावातली माणसं आम्ही. गुऱ्हाळाच्या वासावर वाढलेलो. पावसाळ्याच्या दमट हवेत गुळाला पाझर फुटतो, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोरड्या जागी, झाकून, वर ठेवावा लागतो. कापडात गुंडाळून गूळ ठेवणारा माणूस बावड्यात जन्माला यायचा आहे. पण गूळ ज्यानं दुकानातच बघितलाय, त्याला हे कोण सांगणार? मी तर नाही सांगणार.

मी गाढवाची ओळ काढली आणि मजकूर नव्यानं लिहिला. 'कोपऱ्यात गुळाचा खडा ठेवल्याशिवाय आमची वाकळ घराबाहेर पडत नाही. गूळ नाही, ती वाकळ आमची नाही.' वकीलबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्म्यावरनं बघितलं.

"यात खोटं काही नाही ना?"

"एक अक्षर न्हाई," मी म्हटलं. "ठेवतोय की आमी. मग उचलून खातोय."

त्या मोठ्या हुशार. म्हणाल्या, "मग खातानाचा व्हिडिओ काढून माझ्याकडे आधीच देऊन ठेवा." तो काढला. आत्याबाई खडा ठेवतायत, हात जोडतायत, फोडून वाटतायत, सगळ्या जणी चघळतायत. आणि आमच्या गिऱ्हाइकांचा घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक पार्सलात गुळाची वेगळी पुडी घालायला लागलो. वर चिठ्ठी, 'तुमच्या वाटणीचा. वाकळेला दाखवा आणि घरच्यांनी खा.' त्याला हे कळायचं असतं तर आमची एक वाकळ विकत घ्यावी लागली असती. तो कशाला घेतोय? फुकट उचलायची सवय लागलेली.

मजकूर त्यानं उचलला, ठरल्याप्रमाणे, आणि खालची गाढवाची ओळ काढायचंही विसरला. पण नुसत्या मजकुरानं काय होतंय? म्हणून भाभींनी त्याच्या पानावर, जिथं लोक प्रश्न विचारतात तिथं, आपल्या मोबाइलवरनं विचारलं, "गूळ कुठं असतो? दिसंना." मग खऱ्याच गिऱ्हाइकांनी कोपरे चाचपायला सुरुवात केली. आमच्यात गूळ नाही, मग ही नकली काय, असं एकापाठोपाठ एक विचारायला लागले. शेवटी त्याचं हिंदीतनं उत्तर आलं, पुढच्या मालापासून गूळ राहील.

काही दिवसांनी त्यानं फोटो टाकला. वाकळेच्या चारी कोपऱ्यांत छोटे छोटे खिसे शिवलेले, आणि एका उसवलेल्या खिशात गुळाचा खडा. आम्ही एका कोपऱ्यात ठेवतो, ह्यानं चारी कोपऱ्यांत कोंबला. हावरटच तो. वर प्लास्टिकची पिशवी, आणि अशा पिशव्यांची छताला टेकलेली थप्पी मागे दिसत होती. मी फोटो मोठा करून करून बघितला. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात. आता कळणार होती. त्या दिवशी मी गोडाचा शिरा केला. मालकांनी विचारलं, आज काय आहे? म्हटलं, सण हाय.

आषाढ लागला. बाहेर झड लागलेली, सोप्यात आम्ही शिवत बसलेलो, आणि मी दर टाक्यागणिक मोबाइल बघायचे. सुईला कमी आणि मोबाइलला जास्त हात लागायचा. आत्याबाई म्हणायच्या, "आगं, आंब्याला पाड लागू दे की. येळ लागतोय."

लागला पाड. पहिल्यांदा एकानं लिहिलं, कोपरे चिकट झालेत, डाग पडलेत. मग फोटो यायला लागले. पाझरलेल्या गुळानं काळ्या पडलेल्या कडा. मग मुंग्या. लाल मुंग्यांची ही रांग, पार्सलातनं निघून भिंतीवर चढलेली. एकाच्या बैठकीत मुंगळे. एकानं नुसतं लिहिलं, 'खाना खा चुकी है, अब हमें खा रही है.' ते मी मोठ्यानं वाचलं तेव्हा सोप्यातल्या सगळ्या जणी सुया टाकून हसल्या. गोदामात तर घुशी शिरल्या म्हणे. गुळासाठी त्यांनी थप्प्याच्या थप्प्या कुरतडल्या, नवा माल, जुना माल, काही ठेवलं नाही. हे त्यानं स्वतःच साइटवर लिहिलं, उशीर का होतोय म्हणून लोक ओरडत होते तेव्हा. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू! लोक म्हणतात, सूड घेऊन समाधान मिळत नाही. त्यांनी नीट घेतला नसेल.

एकच गोष्ट वाचून माझं हसू थांबलं. एका बाईनं लिहिलं होतं, बाळाच्या अंगाखाली घातली होती. मी तिला शोधून पत्ता मागितला. आत्याबाईंनी मऊ धोतराचं दुपटं शिवलं, जेवू घातलं, आणि मी त्याच दिवशी धाडलं. त्याचे पैसे तिनं विचारले तेव्हा म्हटलं, बाळाची आत्या समजा.

त्यानं मग शेवटचा डाव टाकला. साइटला कळवलं की गुळाची कल्पना माझी, माझ्या दुकानाचीच ही पद्धत, मलाही बंद करा. तो मला घेऊन बुडायला निघाला होता. साइटवाल्यांनी या वेळी मात्र विचारलं, यंत्रानं नाही, खऱ्या माणसानं. तुमच्या गोधडीत गूळ असतो का? वकीलबाईंनी जपून ठेवलेला तो व्हिडिओ पाठवला. छापलेल्या टाक्यांचा व्हिडिओ पाठवला. 'शिलवेली' पाठवलं. आणि गाढवाची ती ओळ, जी त्याच्या पानावर अजून तशीच होती, तीही पाठवली. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग कळलं, त्याचं दुकान काढून टाकलं. आमच्या पानावरच्या त्याच्या पापाच्या तक्रारीही काढल्या.

मी आत्याबाईंच्या पायाशी जाऊन बसले. सांगितलं, तुमचं हात परत आलं. त्यांनी नुसतं "हां" म्हटलं आणि दोरा ओवायला सुई माझ्याकडे दिली.

त्याचा फोन आला तो त्यानंतर. आम्ही एक मोठी वाकळ पुरी करत होतो. आवाज बसलेला होता, 'ताई' मात्र परत आलं होतं.

"ताई, तुम्ही लिहिलं तसंच केलं ओ मी सगळं. चांगला गूळ घातला, तुमच्या कोल्हापूरचाच मागवला. मग असं कसं झालं?"

खरं सांगते, फोन घेताना मी शिव्यांची माळ ओवून तयार होते. पण तो प्रश्न त्यानं इतक्या खरेपणानं विचारला की मला सगळ्या शिव्या कमी वाटल्या. म्हणून सरळ सांगितलं.

"गूळ वाकळंनं खायाचा नसतोय, पावणं. शिवणाऱ्यानं खायाचा असतोय. तुमच्या शिवणाऱ्यांस्नी दिला व्हता का?"

मग तो म्हणाला, "शिवणारं कोण नाहीच ना ताई. मशीन आहे."

"मग मुंग्या जेवल्या," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आत्याबाईंनी मान वर न करता विचारलं, "कुणाचा फोन गं?"

"त्या पावण्याचा."

"जेवला काय, इचारायचं न्हाईस व्हय?"

"जेवलंय," मी म्हटलं. "पोट भरून."

त्यांनी शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि कोपऱ्यात गुळाचा खडा ठेवला. आम्ही हात जोडले. मग भाभींनी खडा फोडला आणि पहिला तुकडा आत्याबाईंच्या हातावर ठेवला, व्रणाच्या त्या अंगठ्याशेजारी.